गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम, आठवी रांग आणि साठ हजार रुपये

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मुलगी कथक शिकते, दर वर्षी क्लासच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात नाचते आणि दर वर्षी तिचे फोटो एकतर हललेले, नाहीतर मेणाच्या बाहुलीसारखे येतात. फोन तीन वर्षांपूर्वीचा, पण तेव्हाचा महागातला, पाचपट झूमवाला. हाताशी ६०,००० रुपये आहेत. मिस्टर म्हणतात, त्यात थोडे घालून नवा फोन घेऊ, सगळ्यांना उपयोगी पडेल. भाऊ म्हणतो, कॅमेरा घे. शिवाय वर्षातून दोन-तीन किल्ले होतात आणि एकदा भिगवणला पक्षी बघायला जायचं मनात आहे.

आधी माझं सांगून टाकतो. नृत्य, नाटक, गाण्याच्या बैठका यांचे फोटो काढणं हा माझा धंदा, लगीनसराईत लग्नंही करतो. पोट कॅमेऱ्यावर चालतं, तेव्हा माझा कल कुठे असणार हे धरूनच पुढचं वाचा. तरी घरच्यांबरोबर फिरायला जातो तेव्हा खिशात फोनच असतो आणि त्याचं मला जरासुद्धा वाईट वाटत नाही.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळी कामं एकत्र आली आहेत. किल्ले, पक्षी आणि रंगमंच. किल्ल्यांचा निकाल लगेच लागतो: तिथे तुमचा आत्ताचा फोन पुरेसा आहे, बहुतेक वेळा कॅमेऱ्यापेक्षा सरसच. राजगडावर सकाळी आकाश लख्ख उजळलेलं असतं आणि समोरचा बालेकिल्ला सावलीत काळा. कॅमेऱ्याने एक फोटो काढलात तर आकाश तरी पांढरं पडतं किंवा कडा तरी काळाठिक्कर. मग घरी येऊन कॉम्प्युटरवर बसा. फोन त्याच क्षणी वेगवेगळ्या उजेडाच्या अनेक फ्रेम घेतो, एकमेकींवर बसवतो आणि दोन्ही दिसतील असा फोटो हातात देतो. शिवाय चढताना गळ्यात किलोभर वजन नाही, पावसाची एवढी भीती नाही. कासच्या पठारावरची बोटाच्या पेराएवढी फुलंसुद्धा फोनमध्ये छान येतात, कारण लहान सेन्सरमुळे (सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी चिप) फुलाचा पुढचा-मागचा बराच भाग स्पष्ट राहतो. मोठ्या कॅमेऱ्यात पाकळी टिपली तर देठ धूसर.

खरी अडचण रंगमंचाची आहे. आठवी रांग, अंधारं सभागृह आणि हलणारं माणूस. लांबचं, कमी उजेडातलं आणि हलतं. यातली एक अडचण असेल तर फोन सहज निभावून नेतो. दोन असतील तर ओढूनताणून. तिन्ही एकदम आल्या की त्याचे हात टेकतात आणि दुकानातला सगळ्यात महाग फोन आणलात तरी तिथे फारसा फरक पडणार नाही. का, ते जरा नीट सांगतो, कारण सगळा निर्णय इथेच होतो.

फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण १० बाय ७ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. काही मोजक्या फोनमध्ये तो १३ बाय ९ पर्यंत जातो. साध्या, हौशी माणसाच्या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेला कॅमेरा) किंवा मिररलेसमध्ये (बिनआरशाचा) तो २३ बाय १५ मिलिमीटरच्या आसपास असतो. तरी सेन्सरपेक्षा मोठा फरक उजेड आत येण्याच्या छिद्रात आहे. फोनच्या मुख्य लेन्सचं छिद्र चार मिलिमीटरच्या आसपास. ८५ मि.मी. एफ १.८ ही कॅमेऱ्याची लेन्स पूर्ण उघडली की तिचं छिद्र ४७ मिलिमीटरचं होतं (मि.मी.चा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं, एफपुढचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं). स्टेजवरून तुमच्या मुलीच्या चेहऱ्यावरून निघालेला उजेड मुळातच थोडा, त्यातला किती पकडला जाणार हे या आकड्यावर ठरतं. सॉफ्टवेअर पकडलेल्या उजेडाचं सोनं करू शकतं, न पकडलेला उजेड कुठून आणणार?

मग फोनचे रात्रीचे फोटो इतके झकास कसे येतात? गूगलने २०१८ मध्ये पिक्सेल ३ सोबत नाइट साइट आणलं, पाठोपाठ सगळ्यांनीच तसं काही ना काही दिलं. युक्ती एकच: एका फोटोऐवजी बऱ्याच फ्रेम घ्यायच्या, जुळवायच्या आणि त्यांची सरासरी काढून दाणे, म्हणजे कमी उजेडात फोटोभर उठणारे ठिपके, घालवायचे. दिव्यांनी उजळलेलं देऊळ जागचं हलत नाही, म्हणून ही युक्ती तिथे चालते. तुमची मुलगी मात्र प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असते. फ्रेम जुळत नाहीत, तेव्हा फोन बहुतेक फ्रेम टाकून देतो, एखाद-दुसरी ठेवतो आणि तिच्यातले दाणे घासून पुसून काढतो. त्या पुसण्यात काजळाची रेघ जाते, भुवया जातात, गालावरचा पोत जातो. तुम्ही ज्याला मेणाची बाहुली म्हणता ती इथे तयार होते. आणि फ्रेम चुकून जुळवली गेली तर हस्तकाची पाच बोटं सहा-सात होतात.

आता तुमच्या पाचपट झूमची गंमत. त्या झूमसाठी फोनमध्ये वेगळी लेन्स असते आणि तिचा सेन्सर सहसा मुख्य सेन्सरपेक्षाही लहान असतो. उजेड कमी पडला की बरेच फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर जातात आणि त्याच फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करून देतात. स्क्रीनवर मात्र पाचपट असंच लिहिलेलं राहतं. घरीच बघा: रात्री खोलीतला एकच मंद दिवा ठेवा, पाचपट झूम लावा आणि झूमच्या लेन्सवर बोट ठेवा. चित्र तसंच दिसत राहिलं तर समजा, ती लेन्स कामावर आलेलीच नाही. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की आठव्या रांगेतले फोटो तसे का येतात याबद्दल शंका उरत नाही.

आता कॅमेऱ्याकडे येऊ, पण इथे दुकानदाराचा एक सापळा आहे. साठ हजार म्हटलं की समोर येतो 'डबल लेन्स किट': बॉडी म्हणजे नुसता कॅमेरा, आणि १८-५५ व ५५-२५० मि.मी. अशा दोन झूम लेन्स. पट्टा फुकट, बॅग फुकट. सहलीला ठीक आहे, पण तुमच्या कामाला यातली एकही लेन्स उपयोगाची नाही. ५५-२५० पूर्ण ताणली की तिचं छिद्र एफ ५.६ वर जातं. एफ १.८ च्या लेन्समधून त्याच्या जवळजवळ दहापट उजेड येतो. तो दहापटीचा फरक मग आयएसओ वाढवून (म्हणजे पकडलेला उजेड कॅमेऱ्याकडून वाढवून घेऊन) किंवा शटर मंद करून (जास्त वेळ उघडं ठेवून) भरून काढावा लागतो आणि फोटो पुन्हा दाणेदार नाहीतर हललेलाच. अशी खरेदी करून, दोन कार्यक्रम झाल्यावर 'कॅमेऱ्यापेक्षा फोन बरा' म्हणत बॅग माळ्यावर टाकणारे पालक मला दर वर्षी भेटतात. त्यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं खरंच असतं. पैसे मात्र चुकीच्या वस्तूवर गेलेले असतात.

तुमच्या जागी मी काय करेन? वापरलेली चांगली बॉडी घेईन आणि उरलेले पैसे ८५ मि.मी. एफ १.८ या एकाच लेन्सवर घालीन. हिशेब असा. आठवी रांग ते स्टेजवरची मुलगी, अंतर साधारण १२ मीटर. वर सांगितलेल्या २३ बाय १५ सेन्सरच्या बॉडीवर ८५ मि.मी. लावून कॅमेरा उभा धरला तर तेवढ्या अंतरावर तीन-सव्वातीन मीटर उंचीचा भाग चौकटीत बसतो. म्हणजे घुंगरांपासून वर उचललेल्या हातापर्यंत आख्खी मुलगी आणि वर थोडी मोकळी जागा. झूम नाही, म्हणून सगळं स्टेज एकदम मिळणार नाही, हे खरं. ते काम फोनला द्या.

बॉडी कुठली, यावर लोक तावातावाने भांडतात. तुमच्या कामापुरतं म्हणाल तर गेल्या आठ-दहा वर्षांतली कॅनन, निकॉन, सोनी यांची कुठलीही मधल्या दर्जाची बॉडी चालेल. डीएसएलआरकडे लोकांनी पाठ फिरवल्यामुळे त्या स्वस्तात मिळतात आणि रंगमंचाला पुरून उरतात. खोच फक्त दोन. निकॉनच्या डी ५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, तेव्हा लेन्स एएफ-एस किंवा एएफ-पी, म्हणजे स्वतःची मोटर असलेली, पाहिजे, नाहीतर हाताने फोकस करत बसाल. आणि डीएसएलआरचा आरसा खट्ट करून वाजतो. तबल्याच्या आवर्तनात कोणी लक्ष देत नाही, पण वंदनेच्या शांततेत तीन रांगा मागे वळून बघतात. मिररलेस आवाज बंद करून चालवता येतो, पण त्या नीरव शटरवर एलईडी दिव्यांचे आडवे पट्टे फोटोत उमटू शकतात. पट्टे दिसले तर साध्या शटरवर या.

वापरलेला माल मुंबईत घ्यायचा तर फोर्टातली बोरा बाजारची गल्ली कॅमेऱ्याच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. तुमच्या गावातही असं एखादं दुकान असेलच. लेन्स हातात आली की दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळिष्टकासारखी जाळी दिसली तर ती बुरशी आहे, किंमत कितीही कमी असली तरी परत द्या. बॉडीला एफ १६ वर एक पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. शटर किती वेळा पडलंय तो आकडा विचारा. आणि बिल घ्याच.

या सगळ्याआधी मात्र एक स्वस्त पायरी आहे. पुणे-मुंबईत आणि आता बऱ्याच मोठ्या शहरांत बॉडी आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. ओळखपत्र आणि थोडं डिपॉझिट लागतं. या वर्षीच्या कार्यक्रमाला भाड्याने घ्या. कॅमेरा घेतल्यावर पुढे जे करावं लागतं, ते तुम्हाला आवडतंय का हेही त्यात कळेल. फोन काढतो तेव्हा उजेड किती, रंग कसा, चेहरा किती गोरा हे सगळं तोच ठरवून मोकळा होतो. कॅमेरा उजेड गोळा करतो, पुढचं काम तुमच्यावर टाकतो. कार्ड काढा, फोटो उतरवा, चारशेतले तीस निवडा, थोडं उजळा. तोवर बाकीच्या आयांनी फोनवरचे फोटो ग्रुपवर टाकून त्यावर बदाम पडून झालेले असतात. हे ज्यांना सोसत नाही त्यांनी कॅमेरा घेऊ नये असं मी स्पष्ट सांगतो. यात कमीपणा काही नाही.

कार्यक्रमाच्या दिवशीची सेटिंग: शटर १/३२० सेकंदाला धरा, छिद्र एफ २, आयएसओ ऑटो पण कमाल ६४००. फोकसचा बिंदू चेहऱ्यावर. अंधाऱ्या पडद्यामुळे कॅमेरा फसतो आणि चेहरे पांढरे करतो, म्हणून उजेड एक पायरी कमी ठेवा. लाल-निळ्या एलईडीखाली तर ठेवाच, कारण लाल रंग एकदा फाटला की चेहऱ्याचा नुसता शेंदरी डाग उरतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल) चालू ठेवा म्हणजे रंग नंतर सावरता येतो. चक्कर गोठवायची असेल तर १/५०० लागेल. मला स्वतःला उलट आवडतं: १/३० ला जायचं, अनारकलीचा घेर गोल फिरू द्यायचा आणि चेहरा त्यातल्या त्यात स्थिर मिळेल अशी आशा करायची. दहातला एक जमतो.

आणि ही गोष्ट कुठल्याच उपकरणात मिळत नाही, तुमच्याकडे मात्र आहे: तुम्ही तिचा रियाझ रोज ऐकता. कथकमध्ये तिहाई (तेच बोल तीनदा) सुरू झाली की ती कुठे संपणार हे कानाला आधीच कळतं. तिसऱ्यांदा तेच बोल येतात आणि नर्तिका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबते. त्या थांबण्यात अर्ध्या सेकंदाची स्तब्धता असते, हात पूर्ण ताणलेला, मान वळलेली, नजर ठरलेली. बटण तिथे दाबायचं. धा ऐकू आल्यावर दाबलं तर उशीर होतो, येणार असं वाटतं तेव्हाच दाबायचं. भाड्याने आणलेल्या बाहेरच्या फोटोग्राफरला ताल कळत नसेल तर तो महागड्या कॅमेऱ्याने शंभर फोटो काढेल आणि सम चुकवेल.

ही युक्ती फोनलाही लागू आहे, म्हणून कॅमेरा घेणं या वर्षी जमलं नाही तरी काही बिघडत नाही. आधी लेन्स सुती कापडाने पुसा, खिशातल्या तेलकट धुरकटपणाने अर्धे फोटो जातात. पाचपट झूम विसरा, एकपट किंवा दुपटीवर राहा आणि जमेल तेवढं पुढे जा. चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथे बांधला जातो, मग बोट खाली ओढून उजेड कमी करा. फोनमध्ये प्रो मोड (सेटिंग हाताने ठरवायची सोय) असेल तर शटर १/१२५ ला बांधा. दाणे येतील, येऊ द्यात. दाणेदार पण स्पष्ट चेहरा हा पुसलेल्या चेहऱ्यापेक्षा कधीही चांगला. पोर्ट्रेट मोड लावू नका. तो कडा शोधून मागचं सगळं धूसर करतो आणि झुमके, ओढणीची जाळी, सुटलेले केस यांच्याशी त्याचं जमत नाही. लग्नांत तर मी त्याने मुंडावळ्यांची अर्धी सर गिळलेली बघितली आहे. आणि एक हात जोडून विनंती: स्क्रीनची चमक अगदी कमी करा, फोन डोक्यावर धरू नका. मागच्या रांगेतल्या आजी नात बघायला आलेल्या असतात, तुमची स्क्रीन बघायला नाही.

रंगीत तालमीला मात्र नक्की जा. क्लासच्या ताईंना विचारलंत तर बहुतेक जणी हो म्हणतात. वेशभूषा तीच, दिवे तेच, सभागृह रिकामं. पहिल्या रांगेपुढे उभं राहता येतं. अंतराची अडचण संपली की फोनसुद्धा बराच माणसात येतो.

नव्या फोनबद्दल मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आत्ताच्या फोनची बॅटरी गेली असेल, व्हिडिओ जास्त काढत असाल, तर घ्या की. व्हिडिओत फोन सरस आहेत. तिपाईवर लावा, शक्य असेल तर सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमवर ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने दिव्यांची लुकलुक कमी दिसते. फक्त आठव्या रांगेतला फोटो सुधारावा म्हणून साठ-सत्तर हजार फोनवर घालू नका. आणि भावाने छोटा खिशातला कॅमेरा सुचवला असेल तर तोही नको. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे बाजारात आले होते, २०२३ मध्ये ८० लाखही नाहीत. मेले ते मुख्यतः हे छोटेच, कारण त्यांचं काम फोनने घेतलं. फोनला न जमणारी कामं करणारे कॅमेरे टिकले.

भिगवणचं थोडक्यात. उजनी धरणाच्या जलाशयात हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात, होडीतून बऱ्यापैकी जवळ जाता येतं, पण 'जवळ' म्हणजे फोनसाठी जवळ नव्हे. गुलाबी ठिपक्यांची रांग आणि मागे पाणी, असा फोटो फोनवर सुंदर येईल. चोच आणि डोळा हवा असेल तर ४०० मि.मी. किंवा जास्तीची लेन्स लागते. ती एका सहलीसाठी विकत घेणं वेडेपणा आहे, तीही भाड्यानेच आणा. पुढे कधी ताडोब्याला गेलात तर तिथे प्रश्नच मिटतो, सफारीत मोबाइल नेऊ देत नाहीत.

कॅमेरा घेतलातच तर पहिला पावसाळा सांभाळा. कापडी बॅगेत कपाटात ठेवला की ऑक्टोबरात लेन्समध्ये तीच जाळी दिसते, जी तुम्ही दुकानात टॉर्च मारून शोधली होती. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला सिलिका जेलच्या पुड्या टाका, आत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. त्याच्या वर चढला की पुड्या बदला. आणि पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून वापरा, रियाझाचेच फोटो काढा.

आता मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात: सभागृह कुठलं आहे आणि जागा दर वर्षी आठव्या रांगेच्या आसपासच मिळते की पुढे सरकता येतं. चौथ्या रांगेपर्यंत पोहोचत असाल तर ८५ ऐवजी ५० मि.मी. एफ १.८ पुरेल आणि बरेच पैसे वाचतील.